बाईंच्या सीटवरचा तांब्या

कोल्हापुरात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "वजन किती भरतंय तुमचं?"

मी रत्नागिरीची. आमच्याकडची माणसं तिरकी बोलतात, पण इतकं सरळ कुणी बोलत नाही. टेलिफोन खात्यात बदली होऊन आलेली एकटी बाई म्हटल्यावर घरमालक काय काय विचारतात ते मला माहीत होतं. लग्न का नाही केलं, मासे शिजवणार का, भेटायला कोण कोण येणार, सगळ्यांची उत्तरं मी आंबा घाट चढतानाच तयार करून ठेवली होती. वजनाचं उत्तर तयार नव्हतं. मी ट्रंक उचलली आणि मागे वळले. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "अहो, आधी पाणी द्या त्यांना. मग तोला."

तो आवाज बाईंचा, म्हणजे घरमालकांच्या पत्नीचा. लग्नाआधी त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि नवराही बाईच म्हणायचा. "बाई, च्या ठेवा की" अशी हाक मारणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता. त्यांना मी अण्णा म्हणू लागले आणि ते मला तंगी म्हणू लागले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यांचं घराणं कुरुंदवाडकडचं, घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदायच्या. मी खोली घेतली ती बाईंच्या त्या आवाजासाठी. वजनाचं कारण मला बऱ्याच रविवारांनी कळलं.

अंगणात जांभळाखाली एक पिकअप गाडी विटांवर उभी होती. चाकं काढून भिंतीला टेकवलेली, बॉनेट उघडं, आत वायरींचा गुंता. लढाईच्या काळातली अमेरिकन गाडी, त्यामुळे स्टिअरिंग डाव्या बाजूला. पलटणीच्या लिलावातून ती कुणा बागायतदाराकडे गेली आणि हात बदलत बदलत शेवटी एका वीटभट्टीवर जाऊन पडली. अण्णांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. सौदा कोंबड्यांसकट झाला, असं बाई सांगायच्या. अण्णा त्या गाडीला गाडी म्हणत नसत, पावणं म्हणत. "पावणं आज खोकत्यात", "पावण्यांचा एक पाटा तुटला". का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "अजून घरची झाली न्हाय ती. चालली की घरची. तवर पावणंच."

अण्णांचा धंदा गुळाचा. मार्केट यार्डात अडत होती. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून ते निघायचे आणि दिवसभर गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, अंगठा दाबत फिरायचे. त्या अंगठ्याला अशी खोड लागली होती की समोर येईल त्यावर तो आधी दाबला जायचा. आंबा, उशी, टायर, भिंतीचा गिलावा. एकदा बाईंनी मला जेवायला बसवलं आणि माझ्या ताटातल्या पोळीवर यांचा अंगठा! मी ओरडले. "मऊ हाय, खा," म्हणाले आणि आपल्या ताटाकडे वळले. गाडीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्यासमोर त्यांनी गुळाचा खडा ठेवला. ह्योच रंग पायजे, दुसरा न्हाय. रंगारी म्हणाला, "अण्णा, माशा बसतील." यांचं उत्तर, "बसूं देत. माशीला कळतंय चांगलं काय ते." मग गाडीला सोनेरी, पिवळाधमक, नव्या गुळाचा रंग आला. तो रंग मला अजून कुठे दिसला की मी थबकते.

हे सगळं कशासाठी, ते बाईंनी मला लसूण सोलता सोलता सांगितलं. मलकापूरच्या पुढे रत्नागिरी रस्त्याला एक फाटा लागतो. तिथून डोंगरावर एक वाडी आहे आणि वाडीत एका खोलीची शाळा. बाईंची पहिली नोकरी तिथली. फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि ओढ्याच्या कडेकडेनं, करवंदीच्या जाळ्यांतून पायवाटेनं वर चढायचं. रस्ता नव्हताच. दिवाळीच्या सुट्टीत त्या घरी आल्या आणि लग्न ठरलं. सासऱ्यांनी सांगितलं, आमच्या घरची सून नोकरी करणार नाही. वाडीतल्या पोरांना बाई सांगून आल्या होत्या, "सुट्टी संपली की येते." त्या सुट्टीनंतर त्या तिकडे गेल्याच नाहीत.

"मग नंतर कधी?" मी विचारलं.

"हे म्हणाले, एकदा नेऊन आणतो. तुमच्या शाळेच्या दारात उतरवतो. हंगाम संपला की जाऊ." बाईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "गुळाचा हंगाम संपला की भुईमुगाचा, तो संपला की कुणाचं तरी लग्न, कधी मुलाची परीक्षा. मग माझे गुडघे गेले."

गुडघे गेले म्हणजे संधिवातानं अगदी धरलेच. मग कंबरही धरली. घरातल्या घरात काठीनं चालायच्या, तेवढंच. गाडीत धक्के बसता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोलीत बसवून वर नेऊ, असं एकदा वाडीतूनच कुणी सुचवलं, तर बाई उसळून म्हणाल्या, "चार माणसांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतंय." ते ऐकून अण्णा उठून बाहेर गेले होते म्हणे. दुसऱ्या महिन्यात अंगणात पिकअप आली.

तर माझं वजन. ते साधारण बाईंइतकंच भरत होतं. म्हणून रविवारी सकाळी मला बाईंच्या जागी, उजवीकडच्या सीटवर बसवायचे. मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. गाडी कळंब्याच्या पुढच्या माळावर न्यायची, नांगरटीवरून, दगडांवरून चालवायची आणि परत आल्यावर बाईंना तांब्या दाखवायचा. किती सांडलं त्यावरून चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे बदलायचे. सुरुवातीला तांब्यात पाणी उरायचंच नाही, सगळं माझ्या साडीवर. मी चिडून म्हणायचे, "अहो अण्णा, गुळाचं पोतं ठेवा ना माझ्या जागी!" त्यावर ते गंभीरपणे सांगायचे, "पोतं बोलत न्हाय तंगी. दुखलं कुटं ते कसं कळायचं?"

रस्त्यावर आणखी एक काम माझ्याकडे असायचं. स्टिअरिंग डावीकडे असल्यानं पुढच्या ट्रकला मागे टाकताना अण्णांना समोरचं काही दिसायचं नाही. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघायचे. "तंगी, मोकळं हाय का?" "मोकळं आहे!" माझ्या शब्दावर तो माणूस जीव टाकून गाडी काढायचा. सरकारी खात्यात इतकी वर्षं नोकरी केली, पण इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नाही.

उद्यमनगरातला एक मिस्त्री या गाडीपायी अर्धा झाला होता. मूळचं पेट्रोल इंजिन काढून त्यानं डिझेलचं बसवून दिलं. चारही चाकांना ताकद मिळेल असा गिअर दुरुस्त करून दिला. दगडाला पोट घासू नये म्हणून गाडी वर उचलून घेतली आणि मोठे टायर चढवले. पण पाट्यांवरून त्याचं आणि अण्णांचं जमेना.

"गाडी डोंगर चडायला पायजे तर पाटं कडक लागत्यात," मिस्त्री सांगायचा. "तुम्हाला तर पाणी हलाय नको. अण्णा, ही गाडी हाय, पाळणा न्हवं."

"मग पाळणा चडंल असं कर."

"असं हुईत न्हाय."

"व्हतंय. रस्ता असल्यावर कोण बी जातंय रं. रस्ता न्हाय तितं धक्का न लागता न्यायचं, ह्येच तर काम हाय."

"रस्ता असल्यावर कोण बी जातंय" हे त्यांचं पालुपदच होतं. मिस्त्री एक पाटा घालायचा, हे दोन काढायला सांगायचे. मऊ केलं की गाडी चढावर बसायची, कडक केलं की माझी साडी भिजायची. यात वर्षं गेली. अक्षरशः वर्षं. मी आले तेव्हा कोल्हापुरात फोनसाठी माणसं आमच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती. पुढे पुढे त्यांच्या खिशात मोबाइल वाजू लागले, तरी पावणं जांभळाखालीच. गल्लीतली माणसं थट्टा करायची. "काय अण्णा, पावणं जेवून जाणार का मुक्काम?" अण्णा हसायचे नाहीत. ते आत बाईंच्या काठीचा आवाज ऐकत असायचे. तो आवाज वर्षागणिक संथ होत चालला होता. हे त्यांना कळत होतं, आणि मलाही.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, थोडं सांडलं तर सांडू दे. आता न्या त्यांना. वेळ निघून जाईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टायरवर अंगठा दाबत राहिले. मग म्हणाले, "आदी लई येळ न्हेतो न्हेतो म्हनलो तंगी. आता न्यायचं तर नीट न्यायचं."

अखेर एका रविवारी माळावरून परत आलो तर तांब्यातलं पाणी गळ्यापर्यंत शिल्लक. अण्णांनी तो तांब्या देवासमोर ठेवला. दुसऱ्या दिवशी नवं लफडं निघालं. गाडी इतकी उंच झाली होती की बाईंना तिच्यात चढताच येईना. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण चढत होते मी. मग गवंडी बोलावला आणि अंगणात एक ओटा बांधून घेतला. एका बाजूनं बुटक्या पायऱ्या, वर सपाट, थेट सीटच्या पातळीला. काठी टेकत बाई चढल्या आणि एका पावलात सीटवर बसल्या. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. उतरायचं तिकडे कसं, हा प्रश्न तेव्हाही कुणाला पडला नाही. मलाही नाही.

निघालो ते भर हंगामात. गुळाचे सौदे चालू असताना अण्णांची पेढी बंद, हे यार्डात कुणी पाहिलं नव्हतं. कुलूप बघून शेजारच्या पेढीचे दोघं धावत घरी आले, कोण गेलं ते विचारायला. "आमी चाललोय," अण्णा म्हणाले आणि गाडी चालू केली. बाई इरकल नेसल्या होत्या. तांब्या मांडीवर त्यांनीच घेतला. मी दोघांच्या मध्ये. मलकापूर येईपर्यंत पाणी हललं नाही. बाई एकेक गाव ओळखत होत्या आणि "अगं बाई, इथं तर झाडं होती" म्हणत होत्या.

फाटा आला. अण्णांनी ब्रेक लावला. डोंगरावर काळाभोर, नवाकोरा डांबरी रस्ता चढत गेला होता.

फाट्यावर एक म्हातारा बसला होता. अण्णांनी विचारलं, "पावणं, ह्यो रस्ता कुटं जातोय?" म्हाताऱ्यानं वाडीचं नाव घेतलं. "कवा झाला?" "झाला की. पावसाच्या आदी. येश्टी बी जाती दोन येळंला."

अण्णांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात मांडीवर आले. मग म्हणाले, "आता रिक्षा बी जाईल. कोण बी जाईल." त्यांचा तो चेहरा मी पुन्हा आठवू नये असं ठरवते, पण आठवतोच.

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

अण्णांनी मान वळवली.

"माझा एक विद्यार्थी येऊन गेला, तुम्ही यार्डात होता तेव्हा. बाई, रस्ता झाला, चला, जीप घेऊन येतो म्हणाला."

"मग सांगितलं का न्हाईसा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी रिक्षा केली असती." बाईंनी तांब्या सावरला. "इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी काहीतरी करताय ते मी आतून ऐकत होते. ते अर्ध्यावर थांबवायचं नव्हतं मला. आणि मी या रस्त्यानं कधी गेले नाही हो. माझी वाट ती. ओढ्याच्या कडेची. तिकडून घ्या."

अण्णांनी बाईंकडे पाहिलं, मग त्या पायवाटेकडे. वाट म्हणजे करवंदीच्या जाळ्यांमधली एक फट होती. त्यांनी लहान गिअर ओढला आणि गाडी डांबरावरून खाली उतरवली.

पुढचं मला सांगता येण्यासारखं नाही, तरी सांगते. ओढ्यातले गोटे माळावरच्या दगडांसारखे नव्हते. पहिल्याच गोट्याला अर्धा तांब्या इरकलीवर गेला. अण्णा घाबरून थांबले. "दुखलं का? बाई, दुखलं का?" बाई हसत होत्या. दुखत असणारच, ओठ पांढरे पडले होते, तरी हसत होत्या. "सांडू द्या हो. चालत्या गाडीत सांडायचंच. चला तुम्ही." आणि गाडी चढत गेली. फांद्या खिडकीवर आपटत होत्या, मागचं चाक घसरायचं आणि पुन्हा धरायचं, अण्णा तिला कानडीत चुचकारत होते. मध्येच बाई म्हणाल्या, "या खडकावर मी डबा खायची," आणि अण्णांनी तिथे गाडी उभी केली. चढावर. आम्ही तिघं त्या तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायलो.

वर पोचलो तर वाडीतली माणसं शाळेपुढे जमली होती. बाईंनी निरोप धाडला होता, पण वाट सांगितली नव्हती. माणसं हार घेऊन, हलगी घेऊन, सगळी डांबरी रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि आमची गाडी शाळेच्या मागच्या अंगानं करवंदीतून बाहेर आली. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. टक्कल पडलेला, जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक गृहस्थ पुढे आला आणि लहान मुलासारखा ओरडला, "म्या म्हनलो न्हवतो? बाई मागल्या वाटंनंच यायच्या!"

मग उतरायचा प्रश्न आला. ओटा कोल्हापुरात राहिला होता. अण्णांनी कपाळावर हात मारला. त्या टकल्या विद्यार्थ्यानं शाळेतून टेबल आणलं, टेबलापुढे बाक, बाकापुढे पाट, आणि आपल्या पोरांच्या पोरांदेखत बाई शाळेच्या टेबलावरून खाली उतरल्या. अगदी दारात. दारात उभ्या राहून त्यांनी पोरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुट्टी जरा लांबली." सगळे हसले. तो टकल्या मात्र हसला नाही. तो चष्मा काढून पुसत राहिला.

परत येताना डांबरी रस्त्यानं आलो. अण्णा पहिल्यांदाच म्हणाले, "आमची गाडी बरी चडली न्हवं?"

पुढे माझी बदली रत्नागिरीला झाली. बाई गेल्याचं मला फोनवर कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणाऱ्या मला तो फोन नीट ऐकू आला नाही, परत विचारावं लागलं. तेव्हा जाणं जमलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. फाट्यावरून एस.टी. जाताना खिडकीतून मान काढून पाहिलं, वाट दिसली नाही. करवंदींनी ती मिटवली होती.

अण्णा अंगणात, गाडीत बसले होते. डाव्या सीटवर, स्टिअरिंगसमोर. पेढी मुलाकडे दिली होती, तो म्हणाला, रोज संध्याकाळी बसतात, चालवत नाहीत. उजव्या सीटवर पितळी तांब्या होता, काठोकाठ भरलेला.

"ये तंगी," ते म्हणाले. मग तांब्याकडे बोट दाखवलं. "बघ. आता थेंब सांडत न्हाय."

मला त्या क्षणी बाई इतक्या हव्या होत्या. आतून तो आवाज यावा, आधी पाणी द्या म्हणावं त्यांनी, एवढंच. मी ओट्याच्या पायऱ्या चढले. तांब्या उचलून उजव्या सीटवर बसले, तो मांडीवर घेतला आणि दार ओढून घेतलं.

"न्या," मी म्हटलं.

"कुटं?"

"कुठेही. रस्ता नसेल तिथं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठा स्टिअरिंगवर दाबला, बराच वेळ दाबून धरला. मग किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी गटाराची फरशी उचकटलेली होती. तिच्यावरून चाक गेलं आणि गार पाणी भस्सकन माझ्या साडीवर सांडलं. अण्णांनी घाबरून पाय ब्रेकवर ठेवला.

"सांडू द्या हो," मी म्हटलं. "चालत्या गाडीत सांडायचंच."

त्यांनी पाय काढला. चौकाच्या अलीकडे एक ट्रक आडवा आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तंगी, मोकळं हाय का?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली.